दुप्पट धोतरं

मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीत जवरीलाल नेमकं करतो तरी काय, हे शिरपुरात कुणालाच उमगलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यालाही ते धड सांगता येत नसे. "मशीनले हुकूम लिहून देतो," एवढंच म्हणे. हे हुकूम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचे, एका कार्डावर एक.

१९७६ च्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला तो आला, तो दोनशे बारा कार्डांचा गठ्ठा बगलेत मारूनच. एका कापडगिरणीच्या गोदामातला माल मोजायचं काम होतं. साड्या बरोबर यायच्या, चादरी बरोबर यायच्या, धोतरं मात्र नेमकी दुप्पट निघायची! तीन आठवडे त्याने गठ्ठा वाचला. पण लिहिलेलं स्वतःचंच. डोळे पाठ म्हणत होते, वाचत नव्हते. येत्या सोमवारी मशीन अर्धा तास मिळणार होतं. तेव्हाही धोतरं दुप्पट आली की नोकरी संपली, आणि काकांच्या दुकानात खरीखुरी धोतरं विकत बसायची पाळी.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारची झोप काढून तो अंगणात यायला निघाला आणि दारातच अडला. हीराबाई काकीने सगळी कार्डं दारापासून मांडवापर्यंत ओळीने मांडली होती आणि त्यांच्या भोकांतून ती रांगोळी सोडत होती.

"काकी! माही नोकरी गेली! एक कार्ड इकडचं तिकडं झालं त मशीन सारंच फेकून देते!"

"बोंबलतो कायले?" काकी म्हणाली. "मी शाळेत नाही गेली, पण तीस वर्सं मंदिरातल्या पोथ्यायची सुटी पानं झाडून राह्यली. जसं पान उचललं, तसंच ठेवतो आमी."

एकेक कार्ड पोथ्या झाडायच्या मऊ पुंजणीने झाडून तिने क्रमाने त्याच्या हाती दिलं. त्याने मोजली. दोनशे अकरा! त्याने परत मोजली, तरी तेवढीच.

"एक कमी हाये, काकी."

"ते मी बाजूले काढलं. लागोपाठ दोन एकसारखे होते, नक्षी तीच ती दिसे. पोथीत बी एक पान दोनदा आलं त काढाच लागते."

जवरीलालने ते कार्ड उजेडात धरलं. धोतरं मोजायचा हुकूम! ऑफिसात कार्डांना भोकं पाडणाऱ्याने तो दोनदा पाडला होता आणि हा शिकलेला शहाणा तीन आठवडे डोकं खाजवत बसला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून आनंद मोठा झाला. त्याने काकीचे पायच धरले.

"ऊठ, रांगोळी मोडून राह्यला तू!"

सोमवारी धोतरं होती तेवढीच आली. साहेबांनी पाठ थोपटली. "नजर तेज आहे तुझी."

जवरीलालला खोटं बोलवेना. "माझी नाही साहेब, काकीची." आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

साहेबांनी त्याला कायम केलं खरं, पण त्या दिवसापासून ऑफिसात कुणाचंही काम अडलं की सगळे त्याला विचारू लागले, काकी मुंबईला कधी येणार? शेवटी त्याने घरी पत्र टाकलं. काकांच्या अक्षरात काकीचं उत्तर आलं, "मी कायले येऊ? गठ्ठे इकडंच धाडून दे."