दाखल्यावरची खाडाखोड

"कुणी केली ही खाडाखोड?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, आणि मी माझ्या बुटांकडे बघू लागलो.

पण आधी कागदांबद्दल सांगायला हवं. ते कंटाळवाणं होईल याची मला कल्पना आहे. मी सांगितलेलं बहुतेक सगळंच तसं होतं.

माझी पुतणी एकोणीस वर्षं लोकरीच्या गोदामात प्रतवारीचं काम करत होती. लोकरीचा पुंजका हातात घेऊन ती डोळे मिटून सांगायची, ही मानेची, ही पोटाची, ही आजारी मेंढीची. गोदाम बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी दुसरीकडे कामं शोधली. ही मात्र माझ्या घरामागच्या गवताच्या तुकड्याला कुंपण घालायला लागली. "काका, इतकी वर्षं नुसते मेंढीचे कपडे पाहिले," ती म्हणाली. "आता मेंढी बघू या." अकरा गाभण मेंढ्या, त्यांची पिल्लं, आणि पुढे जमेल तसं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी हवं होतं.

मेंढी घ्यायच्या आधी जागेला क्रमांक लागतो. तो मिळाला की कळपाचा क्रमांक. मेंढीच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला हवा आणि दोन्हींवर एकच आकडा. मेंढी एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात जाणार असेल तर वाहतुकीचा दाखला, तीन रंगांच्या तीन प्रतींत, त्यावर एकेका बिल्ल्याचा आकडा लिहिलेला. विकणाऱ्याला पांढरी, घेणाऱ्याला पिवळी, आणि गुलाबी तीन दिवसांच्या आत कचेरीत. नियमांची पुस्तिका चौसष्ट पानांची होती. पुतणीने चार पानं वाचली आणि पुस्तिका माझ्या मांडीवर टाकली. "हे तुम्ही बघा. माझं डोकं भणभणतं."

मला आनंद झाला. छापखान्यात चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही वाचायला दिलं नव्हतं. पुस्तिका मी दोनदा वाचली, तिच्यात छपाईच्या सतरा चुका काढल्या. दाखल्यावर खाडाखोड करू नये, हे वाक्यही वाचलं. पण खाडाखोड इतर लोक करतात, अशी माझी पक्की समजूत होती.

मेंढ्या आणायला गेलो तेव्हा मेंढपाळाने दाखला लिहून तयार ठेवला होता. अघळपघळ माणूस, अक्षरही तसंच. मी म्हटलं, एकदा ताडून बघू. छापखान्यात आम्ही दोघं मिळून वाचायचो, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. तसंच केलं. पुतणी मेंढीचा कान धरून आकडा ओरडायची, मी दाखल्यावर त्या आकड्यापुढे टिंब द्यायचो. सहा मेंढ्या बिनबोभाट झाल्या.

"चार हजार सव्वीस!"

"सव्वीस? इथे बासष्ट आहे."

"मग कान खोटं बोलतोय का, काका?"

"लिहिताना हात घसरला असेल," मेंढपाळ म्हणाला. "असू द्या हो, कोण बघतंय."

"मी बघतोय," मी म्हणालो. आणि खिशातलं लाल पेन काढलं. बासष्टवर एक सरळ रेघ, समासात सव्वीस, खाली कुणाला वाचता येणार नाही इतकी बारीक सही. तिन्ही प्रतींवर. रेघ अशी मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे, हे मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं होतं.

"मास्तर, तुम्ही असल्यावर कचेरी हवीच कशाला!" मेंढपाळ हसला. मला ते फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गुलाबी प्रत घेऊन कचेरीत गेलो. लांबट खोली, भिंतीला ओल, बाकांना पाठ नाही. कारकुनाने शिक्का उचलला, दाखल्यावर आणला आणि हवेतच थांबवला.

"यावर खाडाखोड आहे. हा दाखला रद्द."

"एकाच मेंढीचा आकडा आहे तो," पुतणी म्हणाली.

"दाखला एक, मेंढ्या अकरा. रद्द झाला की सगळ्यांचा होतो. म्हणजे तुमच्या मेंढ्या विनादाखला हलवल्या. आता शनिवारी गाडी येऊन ताब्यात घेईल."

"ताब्यात म्हणजे?"

"म्हणजे परत येत नाहीत."

"अहो, त्या गाभण आहेत. आठ-दहा दिवसांत वितील."

कारकुनाने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "त्याला रकाना नाही." मग त्याने माझी लाल रेघ बोटाने ठोकली. "कुणी केली ही खाडाखोड?"

मी आधीच सांगितलं, मी बुटांकडे बघत होतो. डाव्या बुटाच्या नाडीचं टोक उसवलं होतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मी."

"मालकाने केली तर कळपाचा क्रमांकही रद्द होतो, बाई."

"ऐकलं मी. लिहा."

त्याने एका चिठ्ठीवर तिचा जबाब लिहिला, तिने सही केली. मी तिथेच उभा होतो, हातभर अंतरावर. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

 गोठ्यात आल्यावर तिने मेंढ्यांसमोर गवत टाकलं, पाण्याची बादली भरली, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "त्या पुस्तिकेत यावर काही उपाय आहे का?"

मला खोटं सांगता आलं असतं. "आहे," मी म्हणालो. "पान बावन्न. मालक किंवा विकणारा यांच्याखेरीज तिसऱ्याच कुणी दाखल्यात फेरफार केला असेल, आणि त्याने तसं लेखी कबूल केलं, तर मेंढ्या ताब्यात घेत नाहीत. जागेवर येऊन कान तपासतात. जुळले की दाखला मंजूर."

ती वळली. "हे तुम्हाला कधी आठवलं?"

मी सांडलेलं गवत पायाने गोळा करू लागलो.

"काका, कधी आठवलं?"

"तिथेच. त्याने विचारलं तेव्हा."

बादली तिच्या हातातून सुटली की तिने फेकली, मला माहीत नाही. मेंढ्या एकदम कोपऱ्यात गोळा झाल्या.

"म्हणजे तुम्हाला पान तोंडपाठ होतं! पान बावन्न! आणि मी तिथे सही करत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात? नाडी बघत होतात! मला वाटलं, म्हातारा माणूस, घाबरलाय, सांभाळून घेऊ. आणि तुमच्याकडे किल्ली होती खिशात!"

"मला बोलायला जमलं नाही."

"चाळीस वर्षं जगाच्या चुकांवर लाल रेघा मारल्यात. मी लहान असताना माझ्या पत्रांवर मारल्यात! शाळेच्या सहलीहून पाठवलेलं पत्र तुम्ही दुरुस्त करून परत पाठवलं होतं, आठवतं? आणि स्वतःची एक चूक, एक, त्या फडतूस खिडकीसमोर 'मी केली' एवढं म्हणायला तुमची जीभ झिजली असती?"

मला ते पत्र आठवत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, तिला उपयोग होईल.

"उद्या जातो," मी म्हणालो.

"जाऊ नका!" ती ओरडली. "तिथे जाऊन पुन्हा बूट बघत बसाल. माझ्या मेंढ्या गेल्या, काका. आता निदान मला शांतपणे चिडू द्या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वाटेत एकच वाक्य घोकत होतो: खाडाखोड मी केली, पान बावन्न. रांगेत माझ्यापुढे नऊ जण होते. तीन जण उरले तेव्हा मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो आणि पुन्हा शेवटी उभा राहिलो. हे लिहिताना लाज वाटते. पण तसं झालं खरं.

"खाडाखोड मी केली," मी कारकुनाला म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्याने कान पुढे केला. मी पुन्हा म्हणालो.

"पण जबाब झालाय, आजोबा. बाईंनी सही दिलीय. आता तुम्ही म्हणता त्यांनी नाही केली, तर त्यांनी खोटा जबाब दिला असं होईल. त्याला वेगळा फॉर्म आहे." तो खिडकीच्या गजाजवळ सरकला आणि हलक्या आवाजात, अगदी आपुलकीने म्हणाला, "खरं सांगू का? तो बासष्ट तसाच राहू दिला असता ना, तर मी शिक्का मारून मोकळा झालो असतो. आम्ही काय कान बघायला येतो का कधी?"

रागाने माझं काय झालं ते मला नीट मांडता येणार नाही. मी आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांवरही नाही.

"मग कान टोचता कशाला!" मी ओरडलो. "दोन्ही कान! कशासाठी? चौसष्ट पानं कशासाठी छापलीत? आणि ती तरी धड छापलीत का? सतरा चुका आहेत तिच्यात, सतरा! खोटा आकडा सरळ रेघेत असला की चालतो, आणि खरा समासात असला की अकरा मेंढ्या मारायच्या! पोटातल्या पिल्लांसकट! त्याला रकाना नाही म्हणता? काढा रकाना! मी आखून देतो! पट्टी आणा!"

माझा हात खिडकीच्या फळीवर आपटत होता. रांगेतले लोक जवळ सरकले होते. एक जण म्हणाला, "मारा आजोबा अजून एक," आणि कुणीतरी हसलं.

आतल्या दारातून अधिकारी बाई आल्या. हातात अर्धवट सोललेलं संत्रं. "काय चाललंय?"

"पान बावन्न," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "तिसऱ्याने केलेला फेरफार. मी तो तिसरा. लिहून घ्या."

त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. "त्या बाईंचा जबाब रजिस्टरला चढवलास?"

"नाही अजून. चिठ्ठीच आहे."

"मग ती चिठ्ठी आण इकडे." संत्रं टेबलावर ठेवून त्यांनी चिठ्ठी वाचली, दुमडली आणि संत्र्याच्या सालींबरोबर टोपलीत टाकली. मग माझ्यापुढे एक कोरा फॉर्म सरकवला. "विचार करून सही करा, आजोबा. तुमचं नाव यादीत जाईल. पाच वर्षं कुठल्याही कळपाच्या कागदाला हात लावता येणार नाही. नोंदवहीत एक ओळही लिहायची नाही. सापडलात तर मग त्या बाईंच्या मेंढ्या जातील."

मी विचार न करता सही केली.

शुक्रवारी अधिकारी बाई स्वतः आल्या. पुतणीने एकेक मेंढी गुडघ्यांत धरली, कान उलगडून दाखवले. बाई वाचत होत्या, मी कुंपणाबाहेर उभा होतो. आत यायला मला कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. अकराच्या अकरा जुळल्या. बाईंनी तिथेच दाखल्यावर शिक्का मारला आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तुमची दुरुस्ती बरोबर होती."

"ते बरोबरच असतात," पुतणी आतून म्हणाली. "नेहमी! तीच तर कटकट आहे."

बाईंची गाडी गेली. तिने कळपाची नवी वही उघडली, दांडीवर टेकवून पहिली नोंद लिहायला घेतली. लिहिताना ती ओठ हलवते, लहानपणापासून. मी कुंपणाच्या बाहेरून बघत होतो. तिने वही छातीशी धरली.

"वाचायचं नाही."

"नाही वाचत."

"मान वाकडी केलीत तुम्ही."

मी मान सरळ केली. तिने नोंद पूर्ण करून वही मिटली आणि खुंटीवरच्या पिशवीत टाकली. मग खुरं कापायची कात्री घेतली. एक मेंढी मागच्या पायाने लंगडत होती.

"मी अजून चिडलेलीच आहे," ती म्हणाली. "माफबिफ काही केलेलं नाही. ते दार उघडा, आत या आणि हिला धरा."

मी कधी मेंढी धरली नव्हती. गळ्याभोवती हात टाकला तर ती माझ्याच अंगावर रेलली, मी मागे सरकलो, तिने लाथ झाडली आणि आम्ही दोघंही गवतात बसलो. लोकर तेलकट होती आणि खाली पोट घट्ट, गरम.

"काका!" पुतणी ओरडली. "धरा म्हटलं की धरायचं असतं! चष्मा राहू द्या! सोडू नका आता, सोडू नका तिला!"