बेलबांधीवर चढाई

"आला! आला ना हरामखोर धुऱ्यावर!"

आतल्या खोलीतून आमच्या ह्यांची आरोळी आली, तशी मी निवडत असलेली लाखोळीची भाजी सुपात टाकून धावले. वाटलं, कोणाची म्हैस शेतात शिरली. जाऊन पाहते तर हे कॉम्प्युटरसमोर, मोडलेला पाय स्टुलावर, आणि पडद्यावर हिरव्या रानात ह्यांचं ते एकुलतं एक शहर. शहराच्या तटाबाहेर निळ्या झेंड्याचे दोन शिपाई पाठमोरे उभे.

"कोन आला जी?"

"हा शेजारचा राजा. दोस्ती दोस्ती करून राहिला होता. आता फौज आनून ठेवली. मले मालूमच होतं."

ह्यांना सगळं आधीच मालूम असतं. नोकरीभर कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर वाहतूक नियंत्रक होते. बस उशिरा आली तर शंका, आणि वेळेवर आली तर जास्त शंका. आमच्या लग्नात माझ्या मामांनी विडा दिला, तोही ह्यांनी उघडून पाहिला आणि मगच तोंडात घातला. बाई गं, अशा माणसाशी संसार केलाय मी.

खेळ असा, की आदिमानवाच्या काळात एक वस्ती वसवायची आणि मग शेती, लिपी, गलबतं, कारखाने करत हजारो वर्षं राज्य वाढवायचं. बाकीचे खेळणारे गावामागून गावं घेत सुटतात. ह्यांनी मात्र पहिल्याच दिवशी कडक अट निवडली. शहर एकच. दुसरं वसवायचं नाही आणि जिंकलेलंही ठेवायचं नाही.

"एका मानसाले एक गाव पुरे," हे म्हणाले. "जास्तीचं घेतलं का लक्ष राहत नाई."

आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. ह्यांच्या पूर्वजांनी गावाचा तलाव बांधला आणि त्याच्या मातीच्या पाळीखालून ह्या घरातलं कोणी कधी हललं नाही. हलला तो एकटा हिमांशू, आमचा मुलगा. रायपूरला नोकरीला लागला. दोन वर्षांमागे दिवाळीत जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुमी दोघं आता माह्याकडं चला." बस, एवढंच. तर हे म्हणाले, "तुले जमीन विकाची हाय. सरळ सांग ना, कायले गोड बोलून राहिला?" पोरगा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून बापलेकात शब्द नाही. मला हे आधी 'हिमांशूची माय' म्हणून हाक मारायचे, तेही सुटलं. आता नुसतं 'आयक वो'.

आणि निळा राजा म्हणजे आमचा हिमांशूच. हे मला ठाऊक, ह्यांना नाही. पाळीवरून घसरून पाय मोडला, हे घरात बसले आणि माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू लागले, तेव्हा मीच पोराला फोन केला. त्याने रायपुरात बसून त्याच्या इथल्या जुन्या कॉम्प्युटरवर हा खेळ लावून दिला. एक चाल ह्यांची, एक त्याची. ह्यांना सांगितलं, समोर कोणीतरी परका असतो, नाव कळत नाही.

"बाबाले सांगू नको, माय," त्याने गळ्याची शपथ घातली होती. "त्याईनं आपनहून वळखलं पायजे."

ओळखतात कसले! पोराने गहू पाठवला, घोडे पाठवले. ह्यांनी सगळं परत केलं. "फुकट कोनी देत नाई." शेवटी पोराने युक्ती काढली. ह्यांच्या शहराला लागून त्याने एक नवं गाव वसवलं आणि त्याचं नाव ठेवलं बेलबांधी.

बेलबांधी म्हणजे तलावाखालची आमची धानाची बांधी, भाताचं खाचर. इकडे प्रत्येक बांधीला घरातलं एक नाव असतं, सरकारी कागदावर ते सापडायचं नाही. हिमांशू त्याच बांधीच्या चिखलात पाऊल टाकायला शिकला. "आता तं वळखतील," पोरगा फोनवर हसत होता. मीही हरखले.

हे नाव वाचून ह्यांचा चेहरा पार बदलला. मी मनात म्हटलं, पावला देव.

"नंदल्या!" हे कडाडले. "नंदल्याचा भुप्या हाय हा!"

घ्या! नंदलाल म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. बेलबांधीला त्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, लागतो. इकडे दरसाल फावड्याने धुरा जरासा तासून शेजाऱ्याची जमीन आपल्यात ओढायची, ही जुनीच खोड. नंदलाल भाऊजी काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मीही म्हणेन. पण त्यांचा भुपेंद्र बिचारा ट्रक चालवतो. त्याला कुठला राजा आणि कुठलं राज्य!

"बाहेरच्याले बेलबांधी नाव कसं मालूम? धुरा खाऊन पोट नाई भरलं, आता इथंबी आला!"

"दुसऱ्या कोनालेच मालूम नाई का जी? इचार करा जरासा."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे पाहायचे, तसंच. "तुले काहून त्याचा पुळका? तूबी मिळाली का त्याले?"

 सांगावं तर पोराच्या गळ्याची शपथ, न सांगावं तर हे तोफा काढणार. बेलबांधी पडली की पोरगा पुन्हा ह्या उंबऱ्याकडे फिरकायचा नाही, ही भीती वेगळीच. मन चिंती ते वैरी न चिंती. मागच्या दारी जाऊन मी हळूच फोन लावला.

"येऊ दे त्याईले," हिमांशू म्हणाला. "मी हात उचलनार नाई, माय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी चढाई केली. निळे शिपाई लढलेच नाहीत, बाजूला सरले. पडद्यावर चौकट आली. गाव जिंकलं, पण एका शहराच्या अटीमुळे ठेवता येणार नाही, जाळावं लागेल. खाली एकच बटण होतं.

"थांबा ना जी," मी म्हटलं.

ह्यांनी दाबलं. बेलबांधीतून धूर निघाला आणि थोड्या वेळाने तिथे नुसतं गवत उरलं. "कशी जिरली!" म्हणत ह्यांनी चाल संपवली. लगेच रानातून बिनराजाच्या लुटारूंची टोळी निघाली आणि निळे शिपाई जिथे उभे असायचे तिथूनच सरळ ह्यांच्या वेशीशी आली. हे पुढे वाकले.

"आयक वो. ते शिपाई कोनीकडं तोंड करून होते?"

"रानाकडं."

 तलाव तुडुंब भरला की पाळीवर पहारा असतो. राखणाऱ्याची पाठ गावाकडे आणि तोंड पाण्याकडे, गावाकडे तोंड करून उभा असेल तो चोर. हे ह्यांनीच हिमांशूला खांद्यावर घेऊन शिकवलं होतं.

"नंदल्या असा नसता उभा राहिला," हे पुटपुटले.

तेवढ्यात पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं आली. निळा राजा खेळ सोडून गेला होता. मग मला राहवलं नाही. पदर तोंडाला लावून मी रडले आणि रडता रडता ओरडले, "जाळलं ना? झालं समाधान? आता बसा एकटेच राज्य करत!"

ह्यांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला.

"हिमांशूची माय," हे म्हणाले. "फोन लाव."

 पलीकडून "हॅलो, माय?" आलं आणि मी फोन ह्यांच्या हातात दिला.  ह्यांनी बसथांब्यावरच्या त्या जुन्या आवाजात विचारलं, "कोन बोलून राहिला?"

 मग पोरगा म्हणाला, "बेलबांधीवाला हाय, बाबा."

हे काठी न घेताच उठले, भिंतीला धरत धरत खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "जेवला का?" एवढंच मला ऐकू आलं. पडद्यावर लुटारू वेशीशी थांबले होते. चाल ह्यांची होती, पण खुर्ची रिकामी होती.