जिन्यापाशी काढलेला पट्टा

जुन्नरच्या हवेलीत आलेल्या पाहुण्यावर जतनबाईंची पहिल्यापासूनच बारीक नजर होती. मुलगा अरिहंत म्हणाला, “वाटेत भेटले. हवेली बघायचीय त्यांना.” पण हा मेला पाहुणा खांबांवरची कमळं वाखाणत होता आणि हळूच नख रोवून लाकूड तपासत होता. बघणारा माणूस असं करतो होय? पेठेतले जुने कोरीव दरवाजे असेच कुठल्याकुठल्या हॉटेलांत गेले होते.

“वर काय आहे, काकू?”

“काय नाय. अडगळ.”

वर महावीरांचा कोरीव सागवानी देव्हारा होता. परक्याला तो कधी दाखवलाच नव्हता.

“नुसतं बघून येतो,” म्हणत पाहुण्याने जिन्यापाशी कमरेचा चामडी पट्टा काढला आणि खुंटीला अडकवला.

वर देवापुढे चामडं चालत नाही, हे याला सांगितलं कुणी?

जतनबाई गर्रकन वळल्या. अरिहंत छतावरची नक्षी निरखत होता. जन्मात पहिल्यांदाच.