सत्तावन्न सालचा थर

"दिवा लावू नकोस," नोएलीन म्हणाली आणि प्रयोगशाळेतल्या अंधुक उजेडात तिने चौथ्यांदा तोच चिखल तोलायला घेतला. उजेडाने शेवाळाची रंगद्रव्यं विरून जातात, हे सोबत काम करणाऱ्या अनिवाला ठाऊक होतं. तळ्याच्या तळात नळा खुपसून थरांसकट काढलेला हा गाळ बोटीवर ओढून घ्यायला तीही होती.

"तीनदा एकच आकडा आलाय," अनिवा म्हणाली. "यंत्राला तुझी दया येणार आहे का?"

"सुकवताना काहीतरी चुकलं असेल."

"तुझ्या हातून? सव्वीस वर्षांत?"

खोलीत येरझारा घालत नोएलीन आलेख उमटायची वाट पाहत राहिली. चौथ्यांदाही तेच. १९५७ च्या थराखाली, म्हणजे त्याआधीच्या गाळात, विषारी शेवाळाचा मागमूस नव्हता. त्याच्यावर मात्र रंगद्रव्य थरागणिक वाढत गेलेलं.

तळ्याकाठची मूळची माओरी माणसं, म्हणजे अनिवाचे लोक, कधीपासून हेच सांगत होती: आमच्या आज्या हे पाणी प्यायच्या. तळं पहिल्यापासून हिरवंच होतं, असं तळं कशाने नासलं याच्या सुनावणीसाठी गोठेवाल्यांच्या बाजूने लिहून देणारा मर्व्ह हा नोएलीनचा बाप. सत्तावन्न साली त्यानेच काठावरचं रान तोडून गाई आणल्या होत्या, टेकड्यांवर विमानातून खत टाकून घेतलं होतं. तेच पावसाबरोबर तळ्यात उतरून शेवाळ पोसत आलं होतं.

"उद्या सुनावणीत मी वाचते अहवाल," अनिवा हळूच म्हणाली.

"मोजलंय मी. वाचणार मीच."

संध्याकाळी नोएलीन बापाच्या घरी गेली. तो बटाटे सोलत होता.

"बाबा, उद्या मी तुमच्याविरुद्ध बोलणार आहे."

"कुठलं साल निघालं?"

"सत्तावन्न."

सुरी थांबली. "तुझी आई लग्न करून आली त्या वर्षी. चहाला तळ्यातलंच पाणी आणायची बादलीने."

"मग लिहून का दिलंत?"

"शेजारी सह्या करत होते. आणि इतकी वर्षं हिरवं पाहिलं, की तसंच होतं असं वाटायला लागतं गं."

नोएलीन उठली, बसली, पुन्हा उठली. "मागे घ्या ते."

तो उरलेले बटाटे सोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ती अहवाल वाचायला उभी राहिली तेव्हा मर्व्ह आत आला. अंगात लग्नामयतीला घालायचा कोट. कारकुनाकडून आपलं निवेदन त्याने मागून घेतलं, चष्मा लावून त्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली. गोठेवाल्यांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. अनिवाच्या मावशीने सरकून शेजारची खुर्ची मोकळी केली. त्याने मान हलवून तिचे आभार मानले, पण बसला नाही. लेकीचं वाचून होईपर्यंत तो मागच्या भिंतीपाशी उभा राहिला.