हनुवटीने बंद होणारा मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना सरकता मोबाईल आहे. अजून चालू आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ‘जुना’ म्हटलं की लोक पुढचं ऐकून घेत नाहीत. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा फोन पाहिलाही नसेल. माझे दोन भाग आहेत. वरच्या भागावर पडदा, खालच्या भागावर बटणं. अंगठ्याने वरचा भाग वर ढकलला की ‘खट्’ होतं, बटणं बाहेर येतात आणि आलेला फोन आपोआप उचलला जातो. परत खाली ढकलला की फोन कट. एवढीच माझी करामत.

कारखान्यात एका लांब टेबलाशी बसलेल्या बाईने मला उघडून मिटून पाहिलं, कानाशी धरून तो ‘खट्’ ऐकला आणि पुढच्या खोक्यात ठेवून दिलं. दुकानात माझी जागा काचेच्या कपाटात सगळ्यात खाली होती. वरचे महागडे फोन भाव खात उभे असायचे. दुकानदार माझ्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगायचा, “कॅमेरा यथातथाच आहे, मेमरी थोडी आहे, पण बॅटरी दमदार आहे.” माझी स्तुती अशी नेहमी ‘पण’नंतरच व्हायची.

एके दिवशी ताई आली. ताई म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी मेकॅनिक. तिने कॅमेरा पाहिला नाही, गाणी ऐकली नाहीत. एकच प्रश्न विचारला. “हातमोजे घालून उचलता येतो का?” दुकानदार गोंधळला. ताईने खिशातून ग्रीसने माखलेला हातमोजा काढला, चढवला आणि मला उघडलं. ‘खट्.’ तेव्हापासून मी तिच्या निळ्या डगल्याच्या छातीवरच्या खिशात राहू लागलो.

ताईच्या जोडीला तिचा धाकटा भाऊ असतो. डोक्यावरचे केस पिकले तरी ती त्याला बाळ्याच म्हणते. वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली की बाळ्या गच्चीलगतच्या मशीन रूममध्ये चढतो. एका हाताने ब्रेकची दांडी दाबून धरायची, दुसऱ्या हाताने मोठं चाक फिरवायचं, की लिफ्टचा पिंजरा हळूहळू सरकतो. दांडी सोडली की जागच्या जागी थांबतो. बाळ्याला तिथून पिंजरा दिसत नाही. म्हणून ताई खाली मजल्यावर उभी राहून त्याला फोनवर सांगते, किती वर, किती खाली.

पण मित्रांनो, लिफ्ट अडकली की बघ्यांना कंठ फुटतो. कोणी ओरडतं वर घ्या, कोणी म्हणतं खाली. ते सगळं माझ्यातून बाळ्यापर्यंत जायचं आणि त्यात ताईचा आवाज कुठला हे त्याला कळायचं नाही. तेव्हा दोघांनी एक नियम केला. फोन कट झाला की बाळ्याने दांडी सोडायची. काही विचारायचं नाही, वाट बघायची नाही. ताईचे दोन्ही हात तेव्हा गुंतलेले असतात, एकात टॉर्च, दुसऱ्याने मजल्याचं दार रेटून धरलेलं. मी मात्र तिच्या खिशातून उघडाच डोकं वर काढून बसलेला असतो. तिने हनुवटी खाली दाबली की मी मिटतो.

आता माझे दोषही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. माझ्या दोन भागांच्या मधून एक चपटी पट्टी जाते आणि प्रत्येक उघडमिटीत ती वाकते. मी इतका वापरला गेलो की ती झिजली. आधी पडद्यावर रेघा आल्या, मग पडदा पांढरा पडला, मग काळा. कानाशी धरून ऐकायचा आवाज गेला, मागचा मोठा स्पीकर तेवढा राहिला. दोन भाग सरकतात त्या खाचेत धूळ बसली. स्प्रिंगही सैल झाली, त्यामुळे ताई नुसती वाकली तरी मी मिटायचो आणि वर बाळ्या चाक सोडून ताटकळत बसायचा. त्याच्या अगदी नाकी नऊ आणले होते मी.

शेवटी त्याने ताईसाठी नवा फोन आणला. गुळगुळीत, चकचकीत, बटण नावाला नाही. मी ड्रॉवरमध्ये गेलो, सेलोटेप आणि बिनकामाच्या चाव्यांच्या शेजारी. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. पण रडत बसलो नाही. मनाशी ठरवलं, जेवढा चालतो तेवढा चालत राहायचं. बॅटरी जपून धरली.

आठवडाभरातच ड्रॉवर उघडला. नव्या फोनवर हातमोज्याचं बोट उमटत नाही म्हणून फोन कट करायला ताईला दातांनी हातमोजा ओढून काढावा लागला होता, आणि तेवढ्यात पिंजरा मजला सोडून पुढे गेला होता. कोणाला लागलं नव्हतं, पण ताईने मला पुसून खिशात घातलं.

बाळ्या चिडला. “अगं, पडदा मेलेला फोन घेऊन काम करणार तू?”

“पडद्याकडे बघायला मला फुरसत कधी असते?”

“कोणाचा फोन आलाय तेही कळत नाही.”

“तुझाच येतो. दुसरं कोण मला इतका त्रास देतं?”

“आणि मध्येच मिटतो त्याचं काय?”

“मिटला तर तू थांबतोस. थांबण्याने आजवर कोणाचं काही बिघडलंय का?”

बाळ्याला पटलं नव्हतं. “ही शेवटची खेप,” तो म्हणाला. “मग हे खटारं मी स्वतः भंगारात देणार.”

ती खेप एका जुन्या इमारतीतली होती. लिफ्टला जाळीचा सरकदरवाजा होता. पिंजरा तिसऱ्या मजल्याच्या थोडा वर अडकला होता आणि आत अंधारात एक आजोबा आणि त्यांची लहानगी नात होती. बाळ्याने वरून फोन लावला, ताईने मला उघडून खिशात उभं केलं आणि म्हणाली, “खाली घे. सावकाश.” पिंजरा उतरू लागला. भोवती सगळा मजला जमला होता. “आली, आली. अजून खाली. येऊ द्या खाली.”

पिंजरा उंबऱ्याच्या वीतभर वर असताना नातीच्या हातातला रंगीत खडू जाळीतून निसटला आणि उंबऱ्यावर पडला. तो उचलायला तिने जाळीतून हात खाली घातला. आजोबांना अंधारात ते दिसलं नाही. वरून पिंजऱ्याची लोखंडी कड येत होती, खाली उंबरा होता आणि मध्ये तो एवढासा हात. ताई ओरडली, “थांब!” पण त्याच क्षणी दहा जण ओरडत होते, “खाली, खाली.” वर बाळ्याला ऐकू आलं ते ‘खाली’. ताईने हनुवटी दाबली.

मित्रांनो, माझ्या खाचेत धूळ होती आणि स्प्रिंगमध्ये जीव नव्हता. तरी त्या वेळी मी अडलो नाही. पूर्ण मिटलो. फोन कट झाला आणि वर बाळ्याने दांडी सोडली.

पिंजरा थांबला. कड आणि उंबरा यांच्यामध्ये तो हात जेमतेम मावत होता. ताईने टॉर्च खाली टाकला, गुडघ्यावर बसून तो हात अलगद आत सरकवला आणि मग खडूही आत दिला. बाळ्याचा परत फोन आला. मी उघडलो. “काय झालं?” त्याने विचारलं. ताई म्हणाली, “खाली आल्यावर सांगते. आता अगदी सावकाश घे.”

दोघं सुखरूप बाहेर आले. बाळ्या जिने उतरून आला, सगळं ऐकलं, आणि त्या मुलीसमोर उकिडवा बसून त्याने तिचा हात उलटसुलट करून पाहिला. “दुखतंय का गं कुठे?” तिने मान हलवली आणि त्याला खडू दाखवला. त्याचे डोळे भरून आले. मग उठून त्याने ताईच्या खिशातून मला काढलं, माझ्या खाचेवर फुंकर मारली आणि म्हणाला, “ताई, याची पट्टी कुठे मिळते का बघतो.”

“मी विचारून आले. बनतच नाही आता.”

“मग पडदा राहू दे तसाच. पण खाच रोज साफ करायची. आणि ते मी करणार.”

तेव्हापासून बाळ्या रोज सकाळी मऊ ब्रशने माझी धूळ काढतो. गप्पांना, फोटोंना, पैसे पाठवायला ताईकडे तो नवा फोन आहे, आणि ती कामं तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगली करतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. मला माझं काम आहे.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरच्या जुन्या वस्तूचे दोष खुशाल मोजा, पण ती कोणाच्या हातात कशी चालते हेही बघा. धूळ झाडा, वेळेवर चार्ज करा, आदळू नका. आणि माझ्यासारख्याला भंगारात द्यायचं एखाद्या दिवशी ठरलंच, तर आधी त्या मुलीचा हात आठवा. मी अजून नीट मिटतो.