अकरा टिपा

"पंधराव्या आवृत्तीवर चालतंय ना? मग पंधरावरच छाप आणि मोकळी हो," ब्रॅम दारातूनच म्हणाला. "जहाज गुरुवारी निघतंय. ते काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

"चालतंय असं कुठं म्हटलं मी?" मेरिननं पडद्यावरची नजर काढली नाही. "छापून निघतंय, एवढंच म्हटलं."

"झालं हिचं सुरू," म्हणत ब्रॅम गेला. तो तिचा वरिष्ठ असला तरी वयानं बारा वर्षांनी लहान होता आणि तिच्यापुढे त्याचं फारसं चालत नसे.

होबार्टच्या गोदीसमोरच्या या कार्यालयात मेरिन टॉलंडची एकोणीस वर्षं गेली होती. दक्षिणेकडे बर्फात त्यांचा एक तळ होता. तिथले बॉयलर, पाण्याच्या टाक्या, हीटर संगणकाच्या एका प्रोग्रॅमवर चालत. तो लिहिणाऱ्यांनी प्रत्येक आकड्याजवळ एखादी टीप लिहून ठेवलेली असे: हा आकडा कशाचा, कुठवर वाढवायचा, कुठं थांबायचं. या टिपा गोळा करून त्यांचं पुस्तक बांधणारं 'पेट्रेल' हे साधन मेरिननं तयार केलं होतं. दर वर्षी जहाजाबरोबर नवं पुस्तक तळावर जायचं, तेही छापील. वीज गेली की पडद्याचा उपयोग नसतो.

पेट्रेलला प्रोग्रॅम स्वतः वाचता येत नसे. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या संचाकडून ते वाचून घ्यायचं. या संचाच्या नव्या नव्या आवृत्त्या येत. चौदाव्या आवृत्तीवर पेट्रेल नीट चालत होतं. पंधराव्यावर मुकाट्यानं चालत होतं. यंदाच्या सोळाव्यावर मात्र दोनशे अकराव्या पानाशी येऊन कोसळत होतं. चूक संच बनवणाऱ्यांचीच, असं ब्रॅमनं ठरवून टाकलं होतं.

मेरिननं काहीच ठरवलं नव्हतं. तिनं प्रोग्रॅमची ती फाइल निम्मी कापली आणि पेट्रेल चालवलं. कोसळलं. उरलेल्यातली निम्मी कापली. पुन्हा कोसळलं. असं करत करत शेवटी चार ओळी उरल्या. एका ओळीच्या उजवीकडे, शेजारीच, छोटी टीप होती. बाकी सगळीकडे टिपा ओळीच्या वर लिहिलेल्या. अशा शेजारी लिहिलेल्या टिपा तिनं शोधल्या. सगळ्या प्रोग्रॅममध्ये अकराच निघाल्या.

मग तिनं संचाच्या तिन्ही आवृत्त्यांमधली यादी काढली. प्रोग्रॅममधल्या मजकुराच्या प्रत्येक प्रकाराला, आज्ञा असो की टीप, संच एक क्रमांक देतो. वर्गातल्या हजेरीपटासारखं असतं ते. नवं मूल मध्येच दाखल झालं की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकानं सरकतात. शहाण्या बाई नावानं हाक मारतात. पेट्रेल मात्र क्रमांकानं हाक मारत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मेरिननं ते क्रमांक बोटावर मोजून एका तक्त्यात लिहिले होते. शेजारच्या टिपेचा क्रमांक तेव्हा एक्केचाळीस होता; ओळीवरच्या नेहमीच्या टिपांचा यादीत बराच आधी, म्हणून न सरकलेला.

सोळाव्या आवृत्तीत तो त्रेचाळीस झाला होता. पेट्रेलच्या तक्त्यात त्रेचाळीस नव्हताच, म्हणून ते कोसळलं.

आणि पंधराव्यात तो बेचाळीस होता. तक्त्यात बेचाळीसपुढे लिहिलं होतं: 'खालच्या ओळीची टीप'. हा प्रकार या प्रोग्रॅममध्ये कुणी वापरलाच नव्हता.

मेरिननं चष्मा काढून पुसला. गेल्या वर्षीचं पुस्तक पंधराव्या आवृत्तीवर छापलं होतं. तिनं कपाटातून ते काढलं, चौदाव्या आवृत्तीवर आत्ता काढलेली यंदाची प्रत शेजारी ठेवली आणि पट्टी धरून एकेक ओळ ताडून पाहिली. अकराच्या अकरा टिपा एकेक ओळ खाली घसरल्या होत्या. बॉयलरची पंचाण्णव अंशांची मर्यादा टाकीच्या हीटरपुढे जाऊन बसली होती.

तक्ता काढून टाकायला तासभर लागला. आता पेट्रेल संचाला प्रत्येक वेळी नाव विचारून घेई. तिन्ही आवृत्त्यांवर एकसारखं पुस्तक निघालं.

"झालं तर मग! बघ, उगाच जीव खाल्लास," ब्रॅम खुशीत म्हणाला. तिनं जुनं पान त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते वाचलं. मग हळूच म्हणाला, "नवं पुस्तक तीन आठवड्यांत पोचेलच की. आता कशाला गवगवा?"

"तीन आठवडे काय पाणी गरम करायचं नाही त्यांनी?" म्हणत तिनं तळाचा फोन लावला.

फोन नेव्हिलनं घेतला. हिवाळाभर तळावर राहिलेला तो मेकॅनिक होता. त्याचा आवाज दोन सेकंद उशिरा पोचे.

"मेरिन! काय गं, आमची आठवण कशी झाली?"

"नेव, पान दोनशे अकरा. टाकीच्या हीटरपुढे काय छापलंय?"

"पंचाण्णव."

"किती ठेवलायस?"

"साठ. पंचाण्णवला ठेवला की झडप उडायची गं. तीन वेळा टाकी उघडली आम्ही. तिसऱ्या वेळी माझ्या हातावरच पाणी आलं. झडप जुनी झालीय, असं लिहून पाठवलं होतं ना तुमच्याकडे."

"साठच बरोबर आहे. पंचाण्णव चुकून छापलंय. पण नेव, आकड्याचं तेव्हाच का नाही कळवलंस मला?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पुस्तक तुझं ना. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय."

ब्रॅम खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे," मेरिन म्हणाली. "अशा अकरा आहेत. हात कसा आहे आता?"

"आहे की. तू सांग, लिहून घेतो."

तिनं पट्टी पहिल्या टिपेखाली धरली आणि वाचायला सुरुवात केली.

"जरा हळू," नेव्हिल म्हणाला. "डाव्या हातानं लिहितोय."

मेरिननं पट्टी परत वर नेली आणि ती पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करत, वाचायला लागली.