माळ्यांची विहीर

विलायतेत कापसाचा तुटवडा पडला त्या वर्षांत अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. दर्यापूरच्या वाटेवर माळ्यांचे अकरा मळे होते. तिथे गाड्यांचा तळ करायचं व्यापाऱ्यांनी आणि साहेबानं मनात आणलं.

केशवराव साहेबाचे दुभाषे, आणि विधवा सत्यभामेच्या नवऱ्याचे जुने दोस्त. ते माळ्यांच्या घरोघर फिरले. गावच्या बैठकीत तुमच्यातर्फे कोणी बोलत नाही, तुमची अडचण मी साहेबाच्या कानावर घालतो, म्हणाले. सत्यभामेनं त्यांना आपल्या मळ्यात नेऊन वांगी दाखवली, झेंडू दाखवला. थोडी जमीन गेली तरी निभेल, पण अकराही मळ्यांची ही विहीर जाऊ देऊ नका, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. फाल्गुनातच आसपासच्या विहिरी आटतात, हीच तेवढी टिकते. मोट आठ दिवस थांबली तर मळा करपतो. इतकं खोदून तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आपलं ऐकणारा माणूस भेटला, असं ती दारोदार सांगत सुटली.

फाल्गुनात विहिरीभोवती काट्यांचं कुंपण उभं राहिलं. मळ्यांना कोणी हात लावला नाही. पाणी गाड्यांच्या बैलांसाठी आहे, एवढंच चौकीदार बोलला.

चार बायकांना घेऊन सत्यभामा साहेबाच्या तंबूवर गेली. ती बराच वेळ बोलली. केशवरावांनी त्याचं एका वाक्यात भाषांतर केलं. साहेब हसला आणि त्यानं हातानंच जायची खूण केली.

बाहेर येऊन तिनं त्यांना गाठलं. त्यांनी लपवलं नाही.

"लोकं उठवले असते तं बोभाटा झाला असता, वैनी. इहीर घेतली का माळी आपणच जातीन, असं मीच सांगतलं सायबाले. तुमच्या घरापुरत्या दोन घागरी मी रोज देईन."

"तुमी इचारलं म्हून मी सांगतलं," ती म्हणाली. "माळ्यायबाहीर कोनाले हे मालूम बी नवतं."

घागरी तिनं घेतल्या नाहीत. गुढीपाडव्याआधीच वांगी वाळली. सात घरं अचलपुराकडे गेली. त्यांच्यातल्या दोघींनी जाताना तिच्याशी बोलणं टाकलं, कारण विहिरीचं तिच्याच तोंडून केशवरावांपर्यंत गेलं होतं. ती पातूरला भावाकडे निघाली तेव्हा केशवरावांची बायको माणिकबाई भाकरी घेऊन वाटेत उभी होती. सत्यभामेनं गाडी थांबवू दिली नाही.